आईचा प्रश्न : "कुकीला हो म्हटलं तर माझं पेन्शन जाईल का?"

शेवंती

मागच्या रविवारी साताऱ्याला गेले होते. आई सत्तरीची, प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. भावाने दिलेल्या टॅबवर रोज सकाळी दोन-तीन वर्तमानपत्रं वाचते. पान उघडलं की खाली पट्टी येते, 'आम्ही कुकीज वापरतो, स्वीकारा.' तिथे ती थांबते आणि पानच बंद करते. चहा घेताना हळूच म्हणाली, "अगं, त्या कुकीला हो म्हटलं तर माझं पेन्शन जाईल का?"

शेजारच्या एका मुलाने तिला सांगून ठेवलंय की रोज रात्री ब्राउझरमधलं सगळं पुसून टाकायचं, म्हणजे सुरक्षित. ती इमानाने पुसते. त्यामुळे सकाळी बँकेच्या साइटला तिचा टॅब अनोळखी वाटतो, जादा ओटीपी येतात आणि तिला वाटतं कोणीतरी आपलं खातं उघडतंय. घाबरून तिने दोनदा पासवर्ड बदलला, तिसऱ्यांदा नवा आठवेना, खातं लॉक झालं. उन्हातान्हात शाखेत जाऊन रांगेत उभी राहिली. मी बारा वर्षं वेबसाइट बनवण्याच्या कामात आहे. हे ऐकून फार वाईट वाटलं, म्हणून तिला जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

गावातला जुना दवाखाना आठवा. पहिल्यांदा गेलं की कंपाउंडर एक छोटं कार्ड देतो, त्यावर फक्त नंबर. आपला केस पेपर, म्हणजे ताप कधी आला, कोणतं औषध दिलं, ते सगळं त्याच्या कपाटात. पुढच्या वेळी कार्ड दाखवलं की तो त्या नंबरचा कागद काढतो. कार्ड हरवलं तर? केस पेपर जागेवरच असतो, पण तो तुमचा आहे हे पुन्हा पटवून द्यावं लागतं.

कुकी म्हणजे हे कार्ड. वेबसाइट ज्या पद्धतीने ब्राउझरशी बोलते, त्या एचटीटीपीला स्वतःची आठवण नसते. तुम्ही लॉगिन केलं आणि पुढच्या पानावर गेलात, तर सर्व्हरच्या, म्हणजे ती साइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकाच्या दृष्टीने तुम्ही नवीनच माणूस. म्हणून सर्व्हर पानासोबत एक छोटी ओळ पाठवतो : हा नंबर जपून ठेव. ब्राउझर तो ठेवतो आणि त्या साइटला काहीही मागताना दर वेळी सोबत जोडतो. एका कुकीत साधारण ४ हजार अक्षरांपुरतीच जागा असते. ती प्रोग्रॅम नाही, नुसता मजकूर आहे. ती आपणहून फोनमधले फोटो वाचू शकत नाही, आणि एका साइटची कुकी ब्राउझर दुसऱ्या साइटला देत नाही. एका दवाखान्याचं कार्ड दुसऱ्या दवाखान्यात खिशातून निघतच नाही.

तेव्हा आईला म्हटलं, पेन्शन कुठेही जात नाही. रोज रात्री तू फक्त आपली कार्डं फाडून टाकतेस आणि सकाळी प्रत्येक दवाखान्यात नव्याने रांग लावतेस. ते आजपासून बंद.

घाबरायचं कारण आहे, पण ते दुसरीकडे आहे. त्याबद्दल खाली लिहीनच. तुमचेही प्रश्न असतील तर विचारा.

कोकणकडा

केस पेपरचं उदाहरण चपखल आहे. थोडा इतिहास जोडतो. ही कल्पना १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मोंटुली या तेव्हा तेविशीतल्या अभियंत्याची. एका ग्राहकाला ऑनलाइन दुकान हवं होतं, पण प्रत्येकाच्या अर्धवट भरलेल्या टोपलीची माहिती स्वतःच्या सर्व्हरवर साठवायची नव्हती. मग ती ग्राहकाच्याच ब्राउझरमध्ये ठेवायची युक्ती निघाली. युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीवर काम करणाऱ्यांमध्ये 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीपासून होता, एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला द्यायची आणि जशीच्या तशी परत घ्यायची खूण. नाव तिथून आलं, खाण्याच्या बिस्किटाशी थेट संबंध नाही.

लोकांना हे कळलं १९९६ च्या फेब्रुवारीत, एका ब्रिटिश दैनिकात बातमी आल्यावर. तोवर दीडेक वर्ष कुकीज निमूटपणे साठत होत्या. मला ही गोष्ट आजही खटकते. तंत्र चांगलं होतं, पण ज्याच्या यंत्रात ठेवायचं त्याला विचारलंच नव्हतं. १९९७ मध्ये पहिलं मानक आलं. परक्या साइटच्या कुकीज ब्राउझरने आपोआप घेऊ नयेत असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मोठ्या ब्राउझरांनी ते मानलं नाही.

देवराई

'परक्या साइटच्या' म्हणजे काय ते कोणी सांगेल का? माझा प्रश्न त्याच्याशीच निगडित आहे असं वाटतं.

बाबा आजारी होते. जानेवारीत त्यांच्यासाठी व्हीलचेअर शोधली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी शोधली, मोठ्यांचे डायपर शोधले. सगळं दोन-तीन साइटवर. फेब्रुवारीच्या शेवटी बाबा गेले. त्यानंतर दीड महिना मी कुठलंही पान उघडलं, बातम्या, क्रिकेटचा स्कोअर, आमटीची रेसिपी, तरी मध्ये ती हवेची गादी. तेराव्याच्या दिवशी भटजींनी सांगितलेलं सामान बघायला फोन उघडला, तिथेही तीच. आईने ती पाहिली. मी फोन फेकून द्यायचाच बाकी होतो.

ज्या साइटवर गादी पाहिली तिचा आणि रेसिपीच्या साइटचा काहीही संबंध नाही. मग त्यांना कळतं कसं?

शेवंती

देवराई, वाचून गलबलून आलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नीट देते.

आपण एक पान उघडतो तेव्हा ते एकाच ठिकाणाहून येत नाही. मजकूर रेसिपीच्या साइटचा, पण जाहिरातीची चौकट एखाद्या जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येते. ती मागवायला तुमचा ब्राउझर त्या कंपनीकडेही जातो, आणि उत्तरासोबत तीही स्वतःची कुकी ठेवते. तीच परक्या साइटची, म्हणजे थर्ड पार्टी कुकी.

पुन्हा दवाखान्याकडे येऊ. समजा गावातल्या प्रत्येक दवाखान्यात, किराणा दुकानात, वाचनालयात एकाच कंपनीचा माणूस कोपऱ्यात वही घेऊन बसलाय. पहिल्यांदा दिसलात तेव्हा त्याने तुमच्या खिशात नंबराची चिठ्ठी सरकवली. त्याला तुमचं नाव माहीत नाही. पण पुढे कुठेही गेलात की त्याच कंपनीचा दुसरा माणूस चिठ्ठी वाचतो आणि वहीत टिपतो : नंबर अमुक, सकाळी औषधाच्या दुकानात हवेची गादी पाहिली, दुपारी वाचनालयात. डॉक्टरचं कार्ड डॉक्टरपुरतं होतं. ही चिठ्ठी गावभर चालते. गादी विकणाऱ्या साइटवर आणि रेसिपीच्या साइटवर तोच माणूस बसला होता, इतकंच. त्या वहीला बाबा गेल्याचं कळत नाही. गादी पाहिली आणि विकत घेतली नाही, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा दाखवली जाते.

आता करायचं काय ते सांगते. अँड्रॉइड फोनवर क्रोम असेल तर तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, त्यात थर्ड पार्टी कुकीजचा पर्याय आहे. तिथे त्या अडवा. संगणकावर हेच 'गोपनीयता आणि सुरक्षितता' या भागात सापडेल. नंतर एकदाच, फक्त एकदा, ब्राउझिंग डेटा हटवा मध्ये जाऊन कुकीज पुसा, म्हणजे जुन्या चिठ्ठ्या जातील. त्या पडद्यावर साठवलेल्या पासवर्डांसाठी वेगळी खूण दिसली तर तिला हात लावू नका. सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल, तेवढा एक दिवसाचा त्रास.

आणखी एक काम महत्त्वाचं आहे. तुम्ही खात्यात लॉगिन असताना जे शोधता ते कुकीत नसतं, त्या खात्याच्या सर्व्हरवर असतं. कुकी पुसून ते जात नाही. गूगलचं खातं असेल तर 'माय अ‍ॅड सेंटर' मध्ये पर्सनलायझेशन, म्हणजे तुमच्या मागावरून जाहिराती निवडणं, बंद करा आणि अ‍ॅक्टिव्हिटीच्या पानावर जानेवारीतले ते शोध हटवा. खरेदीच्या साइटवरही 'तुम्ही पाहिलेल्या वस्तू' अशी यादी असते, ती वेगळी पुसावी लागते.

देवराई

करतो. आईचा फोनही घेतो.

अनुजा_श्टुटगार्ट

जर्मनीत राहते, इथल्या पट्ट्यांबद्दल लिहिते. युरोपात कुकीसाठी संमती हवी हा नियम २००९ च्या दुरुस्तीपासून आहे, आणि मे २०१८ मध्ये जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाल्यावर संमती कशी असावी हे कडक झालं. १ ऑक्टोबर २०१९ ला युरोपीय न्यायालयाने एका जर्मन प्रकरणात सांगितलं की आधीच टिक करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे. माणसाने स्वतः बोट लावलं पाहिजे. फ्रान्सच्या नियामकाने २०२१ च्या अखेरीला गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड लावला, कारण 'स्वीकारा' एका क्लिकमध्ये आणि नकार द्यायला अनेक. तेव्हापासून कितीतरी साइटवर 'सर्व नाकारा' हे बटण 'सर्व स्वीकारा' च्या शेजारी आलं.

शेवंतीताई, तुमच्या आईंना हे जरूर सांगा : 'नाकारा' दाबलं तरी वर्तमानपत्र वाचता येतं. आवश्यक कुकीज, म्हणजे लॉगिनच्या, टोपलीच्या, त्यांना संमती लागतच नाही. विचारणा असते ती बाकीच्यांसाठी. मी सात वर्षं नाकारते आहे, एकही काम अडलेलं नाही. काही वृत्तपत्रं 'स्वीकारा नाहीतर पैसे भरा' म्हणतात, तेवढाच अपवाद.

नीलकंठी

आणि आपल्याकडे?

अनुजा_श्टुटगार्ट

भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. कायद्यात 'कुकी' हा शब्द नाही. पण संमती मोकळी, नेमकी आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं त्यात आहे. मला सर्वांत आवडलेली तरतूद वेगळीच : माहितीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीतही. आपण तो मागायला हवा.

भीमथडी

विरोधी सूर लावतो, कारण कोणीतरी बोललं पाहिजे. तालुक्याच्या बातम्यांची छोटी साइट चालवतो. दोन मुलं पगारावर आहेत. पैसा जाहिरातींतूनच येतो, वाचक वर्गणी देत नाही. ज्याच्या ब्राउझरमध्ये थर्ड पार्टी कुकी अडते त्या वाचकामागे मिळणारी रक्कम कमी होते, हे मी दर महिन्याच्या हिशेबात बघतो. सगळ्यांनी अडवल्या तर मोठ्या कंपन्यांचं काही बिघडत नाही, त्यांच्याकडे लॉगिन आहेत. आमच्यासारखे बंद पडतील. ग्रामपंचायतीच्या टाकीचा घोटाळा मग कोण छापणार?

शेवंती

भीमथडी, तुमचं म्हणणं खोटं नाही. लॉगिन असलेल्या बड्यांना झळ कमी बसते हेही खरं. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून थर्ड पार्टी कुकीज पूर्ण अडवल्या, फायरफॉक्स ब्राउझरने जून २०२२ पासून टप्प्याटप्प्याने वापरकर्त्यांना प्रत्येक साइटसाठी कुकीजची वेगळी बरणी दिली, म्हणजे चिठ्ठी ज्या दुकानात मिळाली तिथेच राहते. गूगलनेही जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं की दोन वर्षांत क्रोममधून त्या जातील. मुदत पुढे पुढे गेली, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला, एप्रिल २०२५ मध्ये त्या हव्यात का अशी वापरकर्त्याला वेगळी विचारणाही आणणार नाही म्हणाले. त्यामुळे क्रोममध्ये नेहमीच्या खिडकीत त्या आजही चालतात, अडवायच्या तर आपण अडवायच्या.

तरीही मी अडवा असंच सांगेन. तुमच्या तालुक्यातल्या बी-बियाण्यांच्या दुकानदाराला तुमच्या वाचकाचा दीड महिन्याचा माग नको आहे. पेरणीच्या बातमीशेजारी त्याची जाहिरात लागली की त्याचं काम होतं. पानाच्या विषयावरून जाहिरात द्यायला कोणाच्याही खिशातली चिठ्ठी वाचावी लागत नाही. पैसे कमी मिळतात, मान्य. पण त्या फरकाची किंमत देवराईंच्या आईंनी तेराव्याला मोजली, हे मला पटत नाही.

भीमथडी

देवराईंचं वाचून मीही थांबलो होतो. दुकानदारांशी थेट बोलून बघतो. दिवाळी अंकाच्या जाहिराती आम्ही तशाच आणतो, साइटसाठी कधी विचारलं नव्हतं.

तांबडं_फुटलं

तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र चालवतो. एक अनुभव सांगतो. प्रवेशाचे दिवस होते. एका मुलीने फॉर्म अर्धा भरला, दाखला विसरला म्हणून खिडकी बंद करून घरी गेली. पुढच्या मुलाने तीच साइट उघडली तर थेट तिचा अर्ज, तिचे गुण, वडिलांचं उत्पन्न, सगळं समोर. मुलगा भला, त्याने मला हाक मारली. त्या रात्री मला झोप आली नाही. ब्राउझर बंद केल्यावर लॉगिन संपतं असं मी समजत होतो.

शेवंती

तुमचा समज पुस्तकात बरोबर आहे. काही कुकीजना मुदत दिलेली नसते, त्या ब्राउझर बंद होताच जायच्या असतात. पण 'जिथे सोडलं तिथून सुरू करा' हे सेटिंग चालू असेल तर ब्राउझर टॅब परत आणताना त्या कुकीजही परत आणतो. आणि एकच खिडकी बंद केली, दुसरी उघडी राहिली, तर ब्राउझर बंद झालेलाच नसतो. मुदतीच्या कुकीज तर राहतातच. क्रोम त्यांना जास्तीत जास्त ४०० दिवस ठेवतो.

केंद्रासाठी दोन गोष्टी करा. प्रत्येक ग्राहकासाठी गेस्ट खिडकी उघडा आणि काम झालं की त्या सगळ्या बंद करा. शिवाय सगळ्या खिडक्या बंद झाल्यावर साइटचा डेटा पुसण्याचं सेटिंग क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्येही आहे, ते चालू ठेवा. माझ्या आईला रोज पुसू नको म्हटलं, तुम्हाला दर ग्राहकानंतर पुसा म्हणते आहे. यंत्र कोणाचं आहे यावर सगळं ठरतं. आणि ग्राहकाला लॉगआउट करायला लावाच. लॉगआउट केलं की नीट बांधलेल्या साइटवर सर्व्हरच्या बाजूचा नंबर रद्द होतो, मग कार्ड कोणाच्या हाती पडलं तरी निरुपयोगी.

नीलकंठी

म्हणजे कार्ड चोरलं तर पासवर्डशिवाय आत शिरता येतं?

कोकणकडा

येतं. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर या प्रोग्रॅमरने 'फायरशीप' नावाची फायरफॉक्सची जोडणी सर्वांसमोर ठेवली. कॉफीच्या दुकानातल्या उघड्या वायफायवर बसून शेजाऱ्याची लॉगिनची कुकी उचलायची आणि एका क्लिकमध्ये त्याच्या खात्यात शिरायचं. तेव्हा बऱ्याच साइट लॉगिनचं पान तेवढं कुलूपबंद ठेवत आणि पुढची पानं उघड्यावर पाठवत. त्याला हेच दाखवायचं होतं. पुढच्या काही वर्षांत मोठ्या साइट पूर्णपणे एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद मार्गावर गेल्या. आता कुकीवर 'सिक्युअर' अशी खूण असली तर ती कुलूपबंद मार्गानेच जाते आणि 'एचटीटीपीओन्ली' असेल तर पानावरच्या स्क्रिप्टला वाचता येत नाही.

आजची चोरी वायफायवरून कमी, फुकट मिळालेल्या पायरेटेड सॉफ्टवेअरमधून जास्त. असा प्रोग्रॅम संगणकात शिरला की ब्राउझरमधल्या कुकीजच उचलून नेतो. मग ओटीपीही आड येत नाही, कारण ओटीपीचं काम आधीच झालेलं असतं. तसा संशय आला तर दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदला आणि खात्यातलं 'सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट' दाबा.

सुगरण

विमानाच्या तिकिटाचं काय? मुलाला भेटायला जायचं असतं, दुसऱ्यांदा बघितलं की भाव वाढलेला. कुकीमुळे ना?

शेवंती

सुगरणताई, एकाच विमानात जागांचे भावाचे अनेक गट असतात. स्वस्त गट भरला की पुढचा लागतो. तुम्ही जेवून येईपर्यंत कोणीतरी त्या जागा घेतलेल्या असू शकतात. शंका असेल तर तेच तिकीट त्याच मिनिटाला इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. ती नव्या, रिकाम्या बरणीने सुरू होते. भाव तोच दिसला तर कुकीला दोष नाही.

नीलकंठी

एक शेवटचं. एका अ‍ॅपमधून लिंक उघडली की पुन्हा लॉगिन मागतात, क्रोममध्ये मात्र लॉगिन असतं. आणि अ‍ॅपमधल्या जाहिराती कुकीवरच चालतात का?

शेवंती

काही अ‍ॅप लिंक स्वतःच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतात. त्याची बरणी वेगळी, म्हणून तुमचं कार्ड तिथे नसतं. तीन ठिपक्यांतून 'ब्राउझरमध्ये उघडा' करा. बँकेचं काम तर त्या आतल्या खिडकीत करूच नका.

अ‍ॅपमधल्या जाहिराती बहुतेक फोनच्या जाहिरात आयडीवर चालतात. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'जाहिराती' शोधा, आयडी हटवता येतो. आयफोनवर २०२१ पासून प्रत्येक अ‍ॅपला माग काढायची परवानगी मागावी लागते, तिथे नाही म्हणा.

देवराई

आठवड्याने लिहितो आहे. दोन्ही फोनवर सगळं केलं. कुकीज पुसल्यावर ब्राउझरमधली गादी गेली, पण आईच्या एका खेळाच्या अ‍ॅपमध्ये उरली होती. वर शेवंतीताईंनी लिहिलेला आयडी परवा हटवला. काल सकाळी आई माझ्या शेजारी बसून बातम्या वाचत होती. मध्ये जाहिरात आली, चहाच्या पावडरीची. तिने ती वर सरकवली आणि पुढची बातमी वाचायला लागली.